कल्पूने मासे दिले तो रविवार

माझ्या धाकट्या मुलाने, रत्नदीपने, शहाडला घर घेतलं ते साल दोन हजार तेवीस. एप्रिल संपत आला होता आणि उल्हास नदीवरून येणारा वारासुद्धा तापलेलाच येत होता. आमच्या घरात सालं लक्षात राहतात ती माणसांवरून. माझ्या सासूबाई सखुबाई गेल्या ते साल, थोरला मुलगा रवींद्र नोकरीला लागला ते साल. तेवीस साल मात्र कल्पूचं. घर रत्नदीपचं, कार्यक्रम रत्नदीपचा, तरी आम्ही आजही त्या वर्षाला कल्पूचंच म्हणतो.

रत्नदीप आणि त्याची बायको प्रीती कोपरीच्या घरातून वेगळे झाले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यावरून दोघी जावांमध्ये चांगलंच वाजलं होतं. थोरली, रवींद्रची बायको स्वप्ना, तेव्हापासून प्रीतीशी कामापुरतंच बोलायची, तेही बहुतेक माझ्यामार्फत. “आई, तिला सांगा, कुकर आपला आहे.” त्यामुळे ती शहाडला येईल की नाही याची मला धाकधूक होती. ती आली, कारण तिच्या लेकीला यायचंच होतं.

ही लेक म्हणजे कल्पू, कल्पिता; तेव्हा चौदा वर्षांची, नववीची परीक्षा नुकतीच झालेली. आपली माशांची टाकी नयनला, म्हणजे प्रीतीच्या सहा वर्षांच्या मुलीला, नव्या घराची भेट म्हणून द्यायची असं तिने आधीच जाहीर केलं होतं. रवींद्रने भाड्याची गाडी केली. रिकामी टाकी त्याच्या मांडीवर, मासे पाण्याच्या कळशीत आणि कळशी कल्पूच्या मांडीवर. खड्डा आला की ती कळशीच्या तोंडावर हात धरायची. वाटेत एकदा ती कशाला तरी हसली. पुढच्या सीटवर बसलेल्या स्वप्नाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बघितलंत ना, असं.

कारण पोर हसणंच विसरली होती. दिवाळीपासून ती मिटत गेली. डोकं दुखतं म्हणून अंधार करून पडायची, ताटातलं नुसतं चिवडायची. रविवारी बुद्धवंदना म्हणायला सगळ्यांत पुढे बसणारी मुलगी मागे भिंतीला टेकून बसायला लागली. रवींद्र म्हणायचा, मोबाइल. स्वप्ना शिक्षिका, ती म्हणायची, येणाऱ्या दहावीचं टेन्शन. मी म्हणायचे, वय आहे. प्रत्येकाकडे एकेक उत्तर होतं, त्यामुळे प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आणि मग मार्चअखेरीस ती एकदम शांत झाली. आपल्या वस्तू वाटायला लागली. रंगांची पेटी शेजारच्या करिश्माला दिली, दिवाळीतलं जाकीट वॉचमनच्या मुलीला. आम्हाला कोण आनंद! आमच्याकडे सखुबाईंनी लावलेली एक रीत आहे. वाढदिवसाला मुलाने घ्यायचं नाही, द्यायचं; तेही जुनंपानं नाही, आवडतं. माझ्या दोन्ही मुलांनी लहानपणी त्यासाठी भोकाड पसरलेलं आहे. आणि ही पोर वाढदिवस नसताना, न रडता देत होती. पणजीच्या वळणावर गेली, असं मीच चारचौघांत सांगत होते.

शहाडच्या नव्या हॉलमध्ये पांढरं कापड अंथरून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी मांडल्या होत्या. मेणबत्त्या, मोगरा, अगरबत्तीचा वास, आणि नव्या रंगाचा त्याच्यावर कुरघोडी करणारा वास. त्रिसरण, पंचशील झालं. मग माझे मोठे दीर, रामाभाऊजी, बोलायला उठले. त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत जायचा आणि माइक दिला तर शेजारच्या इमारतीत.

“दानावर मी काय बोलू?” ते म्हणाले. “दान आमच्या घरात चालतं-बोलतं आहे. कल्पिता, ऊठ बाळ. लाजतेस काय? मंडळी, या वयाच्या मुली हे दे, ते दे म्हणून जीव खातात. आणि ही? सांग गं, काय काय दिलंस?”

कल्पू उभी राहिली. निळा कुर्ता तिला ढगळ झाला होता.

“सगळंच, आजोबा,” ती म्हणाली.

लोक हसले आणि टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

स्वयंपाकघराच्या दारात प्रीती सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. माझं लक्ष गेलं ते एवढ्यासाठी, की पाहुणे ग्लास मागत होते आणि ती कल्पूकडे बघत तशीच उभी होती.

यापुढचं काही मी पाहिलं, काही नाही. पण प्रीती, स्वप्ना आणि रवींद्र, तिघांनी आपापली बाजू मला इतक्यांदा सांगितली आहे की आता कुठलं माझं आणि कुठलं त्यांचं ते वेगळं काढता येत नाही.

प्रीतीने ट्रे ओट्यावर ठेवला. जेवणाची पंगत बसायची होती, पुऱ्या तळायच्या होत्या, पण ती थेट गॅलरीत गेली. तिथे कल्पू नयनला टाकीसमोर बसवून शिकवत होती.

“सकाळी चिमूटभर. संध्याकाळी चिमूटभर. तुझी नाही, तुझ्या आईची चिमूट. पाणी सगळं एकदम बदलायचं नाही, अर्धंच. ही पोटवाली आहे ना, हिला पिल्लं होतील. तेव्हा हिला वेगळं ठेवायचं, नाहीतर खाते.”

“आईच खाते?” नयनचे डोळे मोठे झाले.

“कळत नाही तिला. आणि पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर रात्रभर ठेवून मग घालायचं. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी टाकीवर टॉवेल टाक.”

प्रीती दारातच थांबली. दिवाळीपर्यंतचं सगळं पोरीने सांगून ठेवलं होतं. पण मी येऊन बघीन, मला फोन कर, रविवारी मी येते ना, यातलं एकही वाक्य त्यात नव्हतं. जीव लावलेले मासे देणारी कुठली मुलगी असं करेल?

“नयन, आजीकडे जा. पापड मोजायला बोलावतेय.” नयन गेली. प्रीती साडी सावरत कल्पूच्या शेजारी जमिनीवर बसली.

“कल्पू, एक विचारू? खरं सांगशील?”

“काय गं काकू?”

“तुला जीव नकोसा झालाय का?”

प्रीती मला म्हणाली, आई, हे तोंडातून बाहेर पडलं तेव्हा वाटलं, आपण नसतं ते पोरीच्या डोक्यात घालतोय की काय. पण कल्पू दचकली नाही. तिने नुसते खांदे सोडले, डोक्यावरचा हंडा कोणी उतरवून घ्यावा तसे.

“तुला कसं कळलं?”

“कळलं. काही करायचं ठरवलंयस?”

कल्पूने मान डोलावली. कधी, ते विचारल्यावर म्हणाली, “इकडचा कार्यक्रम झाल्यावर. तुमचा दिवस खराब नको व्हायला.”

प्रीतीने तिला जवळ ओढलं. जोरात नाही, पण सोडणार नाही असं.

“मम्मीला नको ना सांगूस,” कल्पू तिच्या खांद्यात म्हणाली. “प्लीज. ती रडेल. आणि तुझ्यावर ओरडेल.”

“ओरडू दे. हे माझ्या एकटीच्याने पेलायचं नाही, राजा. मी सांगणार. तू म्हणशील तर तुझ्यादेखत सांगते. पण सांगणार.”

मग गॅलरीच्या दारातूनच तिने मला हाक मारली. “आई, इथे बसा. हिला सोडून उठायचं नाही. कोणी बोलावलं तरी.” माझी ही सून माझ्याशी कधी अशा सुरात बोलली नव्हती. मी काही न विचारता बसले. कल्पूची वेणी सुटली होती, ती घालायला घेतली.

आतल्या खोलीत प्रीतीने चौघांना गोळा केलं. स्वप्ना, रवींद्र, रत्नदीप आणि रामाभाऊजी. दार लोटलं आणि सांगितलं, एका दमात.

रवींद्र म्हणतो, आधी त्याला शब्दच ऐकू आले नाहीत. प्रीतीच्या गालाला लागलेलं बेसन तेवढं दिसत होतं. मग स्वप्नाचा आवाज आला.

“भरल्या घरात बोलावून माझ्या पोरीला वेडी ठरवायची होती होय तुला? एवढा राग आहे आमचा?”

“ताई, वेडी नाही म्हणत मी—”

“मग काय म्हणतेस? आज हसत होती ती! गाडीत हसली. विचार आईंना. सहा महिन्यांनी माझी मुलगी हसली आणि तू...”

“तेच तर! ठरलं की हलकं वाटतं त्यांना. म्हणून हसतात.”

“तुला गं काय माहीत?”

रामाभाऊजींनी घसा साफ केला. “हे बघा, मनाचे विकार आहेत हे. सुट्टीच आहे. दहा दिवस विपश्यनेला पाठवू. मी स्वतः घेऊन जातो.”

“काका, पाय मोडला तर आधी प्लास्टर घालतात. चालायला नंतर शिकवतात. आज डॉक्टर पाहिजे. आत्ता.”

“प्रीती, हळू ना जरा,” रत्नदीप म्हणाला. “बाहेर पन्नास माणसं बसलीयत. जेवणं होऊ दे, मग बघू. तू पण ना, एकदम काहीपण—”

“स्वानंदने पण दिलेलं सगळं,” प्रीती म्हणाली.

स्वानंद हा तिचा धाकटा भाऊ, मूळ विठ्ठलवाडीचा, आता नाशिकला असतो. त्याला आम्ही सगळे ओळखत होतो.

“बॅट दिली मित्राला. घड्याळ दिलं. माझी आई सगळ्यांना सांगायची, केवढ्या मोठ्या मनाचा झालाय माझा मुलगा. शेजारचे वेळेवर आले म्हणून वाचला तो. आपलं लग्न ठरलेलं तेव्हा. दोन महिने हॉस्पिटलात होता.”

“दोन महिने?” रत्नदीप म्हणाला. “तेव्हा तर त्याला कावीळ झालेली.”

“कावीळ नव्हती.”

“अगं, मी वांगणीच्या वैद्याकडे गेलेलो त्याच्या काविळीच्या औषधाला! भर उन्हात लाईन लावलेली!”

“ते आम्ही कुंडीत ओतलं.”

रत्नदीप तोंड उघडं ठेवून बायकोकडे बघत राहिला. नऊ वर्षं संसार केलेला माणूस; त्या उन्हाचं आता काय करावं ते त्याला कळेना. आणि मग स्वप्नाच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्यासारखा सुरू झाला आणि मध्येच फुटला. ती भिंतीला टेकली.

“मला सांगायला भीती वाटायची,” प्रीती म्हणाली. “लग्न मोडलं असतं. मग लग्न झाल्यावर वाटलं, आता सांगून काय? तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, ताई. आयुष्यभर म्हणा. पण आज तिला एकटीला ठेवू नका.”

स्वप्नाने पदराने डोळे पुसले. “कुठेय ती?”

वर्गात साठ मुलांना एका नजरेत बसवणारी बाई गॅलरीत आली तेव्हा तिला पाय कुठे ठेवावा ते समजत नव्हतं. मी जागा दिली, पण उठले नाही. मला उठू नका सांगितलं होतं. स्वप्ना लेकीसमोर बसली. वाटेत तिने दोन-तीन वाक्यं जुळवली होती म्हणे, पण त्यातलं एकही आलं नाही.

“मला दिसलं नाही गं,” ती म्हणाली.

“मी दिसू दिलं नाही ना,” कल्पू म्हणाली. जणू आईचीच समजूत घालत होती.

“कोणी काही बोललं का? शाळेत? आम्ही काही?”

“नाही गं मम्मी. सगळे हेच विचारतील, म्हणूनच मी... कारण नाहीये. मी खूप शोधलं. सगळं तर चांगलंय. तरी सकाळी उठले की वाटतं, आता हा अख्खा दिवस. रोज. मला मरायचंच आहे असं पण नाही. मला हे थांबायला हवंय फक्त.”

स्वप्नाने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“नको कारण. कारण नसलं तरी चालेल. आपण कारण न सांगताच जाऊ डॉक्टरकडे.”

“तू चिडणार नाहीस?”

“चिडेन. टॉवेल ओला ठेवलास तर चिडेन. यावर नाही.”

कल्पू तेव्हा रडली. मला आठवतं, दिवाळीनंतर पहिल्यांदाच. आमच्या कोपरीच्या चाळीत माझ्या तरुणपणी एक मुलगी अशीच हळूहळू मिटत गेली होती. एका सकाळी ती नव्हती, आणि पाय घसरला, असं सगळ्या चाळीने एका तोंडाने सांगितलं. तिच्या आईने तर मरेपर्यंत तेच सांगितलं. त्या बाईला रडायलासुद्धा खोटं कारण घ्यावं लागलं. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या स्वप्नाकडे बघताना मला ती बाई आठवत होती.

प्रीतीने स्वानंदच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर योगिनी, डोंबिवलीला दवाखाना. रविवार असूनही त्यांनी उचलला. पोरीला एकटं सोडू नका, मी कल्याणच्या हॉस्पिटलला कळवते, तिथे पोचा, मी येते, असं म्हणाल्या.

निघायचं म्हणजे हॉलमधूनच. पंगत बसली होती. पानात पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. आम्हाला चपला घालताना बघून कोणीतरी विचारलंच, “अहो, काय झालं? जेवायच्या आधीच?”

रवींद्रच्या जिभेवर पित्त आलं होतं. म्हणजे, पित्त झालंय हे उत्तर. तो म्हणतो, दादांनी, म्हणजे माझ्या गेलेल्या यजमानांनी, असंच काहीतरी सांगितलं असतं, त्याच्या आजोबांनीही तेच. मग त्याला कावीळ आठवली. त्याने कल्पूकडे पाहिलं. नुसत्या डोळ्यांनी विचारलं, सांगू? तिने मान डोलावली.

“हिचं मन आजारी आहे,” रवींद्र म्हणाला. “दवाखान्यात नेतोय.”

पंगतीत वाटीत चमचा पडल्याचा आवाज आला. एवढ्यात रामाभाऊजी दारापाशी गेले. आमच्या सगळ्यांत वयाने मोठा माणूस. त्यांनी खाली वाकून कल्पूची चप्पल सरळ करून ठेवली.

“जा, बाळ,” ते म्हणाले. आवाज खोलीच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला नाही. “मी मघाशी टाळ्या वाजवायला लावल्या. मला कळायला हवं होतं.”

“कोणालाच नाही कळलं, आजोबा.”

“तुझ्या काकूला कळलं.”

मागून एक बाई म्हणाली, “स्वप्ना, तू नीघ. पंगतीचं आम्ही बघतो.” दुसरीने गाडीत खायला डबा भरून दिला. त्यातलं श्रीखंड वाटेत सांडलंच, रत्नदीपच्या नव्या शर्टावर. तो पुढे बसला होता. रस्ताभर तो प्रीतीशी एक शब्द बोलला नाही. पण हॉस्पिटलच्या दारात उतरताना म्हणाला, “स्वानंदला फोन कर. त्याला बोलाव. मला पण भेटायचंय.”

कल्पू काही दिवस दाखल राहिली. औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी आम्हा मोठ्यांनाही समोर बसवून शिकवलं. घरातली औषधं कुलपात ठेवायची, तिला एकटं ठेवायचं नाही, आणि मुख्य म्हणजे विचारायचं. विचारल्याने वाढत नाही, म्हणाल्या. स्वानंद नाशिकहून आला, केळी घेऊन. “मला पण सगळे केळीच आणायचे,” तो कल्पूला म्हणाला. “का कोण जाणे. डोकं बिघडलं की लोकांना केळी आठवतात.” ती हसली, आणि आम्ही सगळे घाबरून तिच्याकडे बघायला लागलो. “अरे, हे खरं हसतेय मी,” ती वैतागून म्हणाली.

सोपं नव्हतं. त्या पावसाळ्यात एकदा पुन्हा हॉस्पिटलला जावं लागलं. पण त्या वेळी तिने स्वतः स्वप्नाला उठवलं होतं.

रामाभाऊजी गेल्या वर्षी गेले, झोपेत, समाधानाने. कल्याणपासून अंबरनाथपर्यंत कुठे बोलायला गेले की शेवटी एक वाक्य जोडायचे, मुलं एकाएकी शहाणी झाली तर जवळ घेऊन विचारा. रत्नदीपने प्रीतीला स्वानंदची गोष्ट लपवल्याबद्दल बरेच दिवस ऐकवलं, वांगणीच्या उन्हासकट. आता तीच गोष्ट तो चारचौघांत स्वतःच्या फजितीची म्हणून सांगतो, आधी स्वानंदला विचारून. प्रीतीच्या आईने मात्र लेकीशी दीडेक वर्ष बोलणं टाकलं होतं. उघडं केलंस म्हणून. मागच्या दिवाळीत ती बोलायला लागली. दोघी जावा अजून भांडतात, पण आता थेट, मला मध्ये न घेता. स्वप्नाने शाळेत मुलांशी बोलायचा एक तास सुरू केला; हेडमास्तरांनी आधी नाक मुरडलं होतं. रवींद्रचे केस पांढरे झाले. तो रोज संध्याकाळी लेकीला विचारतो, आज कसा गेला? कधी ती म्हणते, ठीक. कधी म्हणते, फालतू. फालतू म्हटलं की तो चप्पल घालतो आणि दोघं तलावपाळीला चक्कर मारून येतात. मासे शहाडलाच आहेत, म्हणजे त्यांची पिल्लावळ.

कल्पू आता बारावीला आहे. गोळी डॉक्टरांनी कमी केली आहे, बंद नाही. परवा ती माझ्या खोलीत आली आणि माझ्या लोखंडी कपाटावर हात फिरवत उभी राहिली. लग्नानंतर घेतलेलं हिरवं कपाट, दार उघडताना किंचाळतं.

“आजी, हे मला हवंय. माझं घर होईल ना, तिथे ठेवणार मी. नयनला द्यायचं नाही, कोणालाच नाही. आधीच सांगून ठेवते.”

“घे की,” मी म्हटलं. “पण माझी लुगडी आहेत त्यात. मी अजून आहे गं.”

“मग राहा ना,” ती कपाटाचं दार लावत म्हणाली. “मला कुठे घाई आहे?”